दोन पावसाळे वापरलेली ९५०० पौंडांची विंच आणि तिच्यावरची तार

माझ्या थारला पुढच्या बाजूस बसवलेली बारा व्होल्टची, ९५०० पौंड क्षमतेची, पोलादी तारेची विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर तार गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारे यंत्र, आता दोन पावसाळे वापरून झाली आहे. भोर तालुक्यात आमची भातशेती आहे, आणि जून ते सप्टेंबर या काळात कोणाची ना कोणाची गाडी खाचरात, ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या गाळात रुतलेली असतेच, त्यामुळे या विंचला काम भरपूर मिळाले. यंत्राला मी पाचपैकी चार गुण देईन, खोक्यातून सोबत आलेल्या सामानाला दोन, आणि ज्या दुकानाने ती बसवून दिली त्यांच्या कामाला एकही नाही. याच घडणीची विंच वेगवेगळ्या शिक्क्यांखाली विकली जाते, म्हणून मी नाव लिहीत नाही. पुढे जे लिहिले आहे ते या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक विंचला लागू पडेल.

पहिली गोष्ट क्षमतेच्या आकड्याची. ९५०० पौंड म्हणजे सुमारे ४३१० किलो, आणि विक्रेता हा आकडा असा सांगतो की, जणू ड्रमवर तार कितीही असली तरी विंच सव्वाचार टन ओढणारच. प्रत्यक्षात हा आकडा फक्त ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. तारेचे थर जसजसे एकावर एक चढतात तसतसा ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. माझ्या विंचवर २८ मीटर तार आहे आणि पहिल्या थरात तिच्यातली जेमतेम सहा मीटर बसते. चौथ्या थरावर विंचची ओढ साधारण साठ टक्क्यांवर येते, म्हणजे अडीच-पावणेतीन टनांपर्यंतच उरते. पाच-सात मीटरवर उभ्या असलेल्या गाडीला हूक लावून, बाकीची सगळी तार ड्रमवर तशीच ठेवून ओढायला जाणारा माणूस विंचच्या सर्वांत दुबळ्या जागेवरून काम करत असतो. शक्य असेल तितकी तार बाहेर काढणे किंवा कप्पी लावून ती दुहेरी करणे, हे म्हणूनच अननुभवी माणसाला उलटे वाटले तरी बरोबर असते.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा आहे, आणि तो खोक्यावर कुठेच छापलेला नसतो. माझी तार ८ मिलिमीटर जाडीची, गॅल्व्हनाइझ केलेली (जस्ताचा मुलामा दिलेली), सात पदरांची असून प्रत्येक पदरात १९ बारीक तारा आहेत, मिळून १३३. नव्या, निर्दोष अवस्थेत अशा तारेची तुटण्याची मर्यादा साधारण साडेचार टनांच्या जवळ असते. विंच ओढू शकते सव्वाचार टनांहून थोडे जास्त, आणि तार तुटते साडेचार टनांच्या आसपास. मधे उरलेली फट इतकी लहान आहे की एखादी मुरड, दबलेला एक पदर किंवा अचानक बसलेला एक हिसका तिला पुरून उरतो. वजन उचलण्याच्या यंत्रांत तारेची ताकद भाराच्या कैक पट ठेवतात. गाडीवरच्या विंचमध्ये तसे काहीही नसते, कारण ती आडवी ओढण्यासाठी बनवलेली असते. आमच्याकडे एका शेजाऱ्यांनी विहिरीत पडलेला पंप वर काढण्यासाठी विंच मागितली, आणि पंपाला दोर बांधण्यासाठी माणूसही याच तारेने खाली सोडता येईल असे सुचवले. मी दोन्हींना नकार दिला. त्यांना राग आला, तो मी समजू शकतो, पण या तारेवर माणूस टांगणे कोणत्याही परिस्थितीत मान्य होण्यासारखे नाही.

आता जोडणीविषयी. पुण्याच्या बाहेरच्या एका दुकानात मे महिन्यात मी ती बसवून घेतली. दीड तासात काम झाले, चकचकीत बंपर पुढे दिसू लागला, बटण दाबल्यावर ड्रम फिरला, आणि मी पैसे देऊन बाहेर पडलो. घरी येऊन बॉनेट उघडून शांतपणे पाहिले तेव्हा एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. ऋण बाजूची केबल बॅटरीपर्यंत न नेता बंपरच्या एका बोल्टला, रंगाच्या थरावरच कसून टाकली होती. धन बाजूची केबल रेडिएटरच्या पत्र्याच्या धारेवर टेकून गेली होती आणि तिच्यावर संरक्षक नळी नव्हती. मधे मुख्य स्विच नव्हता. पूर्ण भारावर अशी विंच ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते, म्हणजे बॅटरीवर जवळपास पाच किलोवॉटचा बोजा पडतो; अशी केबल पत्र्यावर घासून उघडी पडली तर गाडी जळायला फार वेळ लागत नाही.

हे सगळे मी गावच्या इलेक्ट्रिशियनकडून नव्याने करून घेतले. दोन्ही केबली ३५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या, दोन्ही थेट बॅटरीच्या खांबांपर्यंत, टोकांना दाबून बसवलेले लग (बोल्टला अडकवायची तांब्याची टोपणे), सगळीकडे नळी, आणि धन केबलवर हाताने फिरवून बंद करण्याचा स्विच, तोही बॉनेट न उघडता हात पोहोचेल अशा जागी. या स्विचचे महत्त्व दुकानदाराने सांगायला हवे होते. विंचच्या कंट्रोल बॉक्समधले संपर्क भार असताना उष्णतेने कधीकधी एकमेकांना चिकटतात, आणि मग रिमोटचे बटण सोडले तरी ड्रम फिरतच राहतो. त्या क्षणी बॅटरी तोडण्याचा दुसरा मार्ग नसेल तर हूक ड्रमपुढच्या रोलरला, ज्यातून तार आत येते, येऊन आदळेपर्यंत बघत उभे राहावे लागते. रस्त्यावर गाडी चालवताना मी हा स्विच बंदच ठेवतो.

विंचचे बोल्ट पाहिले तर त्यांच्या डोक्यावर मजबुतीचा आकडाच नव्हता. चार बोल्ट ८.८ दर्जाचे घेऊन, आटे नटात पुरेसे उतरले आहेत याची खात्री करून, टॉर्क पान्याने माहितीपुस्तिकेतल्या मापाप्रमाणे कसले. विंचच्या पायांतल्या बोल्टांच्या भोकांची रचना मात्र ठरलेल्या मापाची आहे, २५४ बाय ११४.३ मिलिमीटर, त्यामुळे विंच जिच्यावर बसते ती प्लेट बदलायची वेळ आली तर अडचण येत नाही. हा या विंचचा एक गुण. प्लेट चासीला बसली पाहिजे, बंपरच्या पत्र्याला नव्हे, हेही तपासून घ्यावे. आणि बंपरबद्दल एक सूचना: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड व बुल बार लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. पुढे आलेले जाड लोखंड पादचाऱ्यांना घातक ठरते आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामातही आड येऊ शकते. मी तो चकचकीत बंपर काढून टाकला आणि कंपनीच्या बंपरमागे लपणारी प्लेट बसवली. परिवहन कार्यालयात आधी विचारून मगच खर्च करावा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

पण दुकानाची सर्वांत मोठी चूक या सगळ्यानंतर, जूनमध्ये उघडी पडली. कारखान्यातून तार ड्रमवर सैल गुंडाळून येते. ती पूर्ण बाहेर काढून, भार देऊन, पुन्हा घट्ट गुंडाळावी लागते. नाहीतर पहिल्याच मोठ्या ओढीला वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांच्या मधे रुततो. मला हे ठाऊक नव्हते आणि दुकानाने केलेले नव्हते. ओढ्यातून एक गाडी वर घेताना ड्रममधून खडखड असा आवाज आला आणि तार एका बाजूला खाली बुडाल्यासारखी दिसली. गाडी निघाली. नंतर तार मोकळी करायला गेलो तर ती दोन वेढ्यांच्या फटीत अशी अडकली होती की बाहेर सोडण्याचे बटण दाबल्यावर ड्रम फिरून तीच तार उलट्या बाजूने गुंडाळू लागला. ही स्थिती धोक्याची आहे, कारण तार नेहमी ड्रमच्या खालच्या बाजूनेच आत यावी अशी रचना असते आणि विंचचा आपोआप लागणारा ब्रेक एकाच दिशेला भार पेलतो. उलट गुंडाळलेल्या तारेवर ब्रेकचा भरवसा राहत नाही. तासभर खटपट करून तार सोडवली तेव्हा मधल्या एका ठिकाणी ती बोटाच्या पेराएवढ्या लांबीत चपटी झाली होती, आणि एका पदरातल्या तीन बारीक तारा तुटून सुईसारख्या बाहेर आल्या होत्या. एकदाच वापरलेली तार भंगारात गेली.

नवी तार आणल्यावर मी जे केले ते प्रत्येक विंचधारकाने पहिल्याच दिवशी करावे. आमच्या शेतावर जाणारा रस्ता हलक्या चढाचा आणि सरळ आहे. चढाच्या वरच्या टोकाला असलेल्या ऐनाच्या बुंध्याला, जमिनीलगत, रुंद नायलॉनचा पट्टा लावला, त्यात शॅकल (आडव्या पिनेने बंद होणारी पोलादी कडी), शॅकलमध्ये हूक. तार सगळी बाहेर काढली, ड्रमवर फक्त पाच वेढे ठेवले. धाकटा भाऊ स्टिअरिंगवर बसला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक दोन दाते वर, आणि गाडीने स्वतःला तारेने हळूहळू चढावर ओढून घेतले. दर दोन-तीन मीटरला थांबून मी वेढे पाहिले. वेढ्याला वेढा चिकटून, मधे फट न ठेवता, पहिला थर ड्रमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसला तेव्हा तो एखाद्या सुबकपणे गुंडाळलेल्या मांज्याच्या फिरकीसारखा दिसत होता. मधे एकदा वेढा चुकला, तो हाताने सरळ करण्याचा मोह झाला. पण ड्रम फिरत असताना तारेला हात लावायचा नाही, हे आमचे ठरलेले होते. थांबलो, ताण सोडला, तार थोडी मागे घेतली आणि मगच दुरुस्ती केली. या सगळ्याला पाऊण तास लागला. दुकानाने हा पाऊण तास वाचवला आणि माझी अख्खी तार घालवली.

पाच वेढ्यांचे कारण सांगायला हवे. तारेचे ड्रमकडचे टोक एका छोट्या स्क्रूने अडकवलेले असते, आणि तो स्क्रू भार घेण्यासाठी नसतोच. भार पेलतो तो ड्रमवरच्या वेढ्यांचे घर्षण. पाच वेढे म्हणजे माझ्या ड्रमवर एक मीटरहून थोडी जास्त तार होते, म्हणून मी शेवटच्या दोन मीटरना लाल रंग दिला आहे. लाल दिसला की थांबायचे.

खोक्यातल्या सामानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हूक ठीक आहे, पण त्याची जीभ सहा महिन्यांत सैल झाली. रिमोटची वायर पुरेशी लांब आहे. रोलर फेअरलीड, म्हणजे तार ड्रमकडे नेणारी रोलरची चौकट, चांगला आहे आणि तारेसाठी रोलरच हवा. ॲल्युमिनियमचा गुळगुळीत फेअरलीड कृत्रिम दोरासाठी असतो, पोलादी तार त्याला कापून काढते. चामड्याचे हातमोजे, झाडाचा पट्टा, ४.७५ टनांचे दोन शॅकल आणि कप्पी हे सर्व वेगळे घ्यावे लागले, आणि यांच्याशिवाय विंच वापरता येते असे मी मानत नाही. माहितीपुस्तिका केवळ इंग्रजीत, बारीक अक्षरांत आहे. आमच्याकडे गाडी चालवणाऱ्या मुलांनी ती वाचावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते, म्हणून मी महत्त्वाच्या दहा-बारा ओळी मराठीत लिहून, लॅमिनेट करून दाराच्या आत चिकटवल्या आहेत. मराठी मुलखात हजारो रुपयांची यंत्रे विकणाऱ्यांनी चार पाने मराठीत छापायला हरकत नसावी.

आता प्रत्यक्ष कामाचा एक प्रसंग सांगतो, कारण विंचचे खरे गुणदोष त्यात दिसले. गेल्या जुलैत खताच्या गोण्या भरलेला एक पिकअप कच्च्या रस्त्यावरून घसरून खाचरात गेला. मागची चाके आसापर्यंत चिखलणी केलेल्या गाळात होती. लादलेला पिकअप तीन टनांच्या घरात, आणि चाके आसापर्यंत रुतली की केवळ गाळाचाच विरोध गाडीच्या वजनाइतका होऊ शकतो, त्याहून खोल गेली तर त्याच्या दुप्पट. म्हणून आम्ही आधी विंचला हात न लावता गोण्या उतरवल्या आणि चाकांपुढचा गाळ फावड्याने काढला. मालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटत होता. ते म्हणाले, “अहो दादा, एवढी मशीन हाय ना तुमच्याकडं, मग फावडं कशाला?” फावड्याने कमी केलेला प्रत्येक किलो तारेवरून कमी होतो, एवढेच मी त्यांना सांगितले.

कप्पी पिकअपच्या टो-हुकाला लावली आणि तारेचा हूक परत आणून माझ्या गाडीच्या पुढच्या टो-हुकात अडकवला. यामुळे पिकअपवरची ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो, आणि ड्रमवरची तार खालच्या थरांपर्यंत मोकळी होते. मात्र एक गोष्ट पुष्कळजण विसरतात: पिकअपला जेवढी ओढ बसते तेवढीच आपल्या गाडीलाही उलट बसते. माझी थार पावणेदोन टनांच्या आसपास, रस्ता ओला. चाकांना दगड लावून आणि ब्रेक दाबूनही ती पहिल्या खेपेस वीतभर पुढे सरकली. तिथेच थांबलो. मागचा टो-हूक पट्ट्याने रस्त्यापलीकडच्या जांभळीच्या बुंध्याला बांधला आणि मग पुन्हा सुरुवात केली. झाडाला तार थेट गुंडाळून हूक तिच्यातच अडकवण्याची रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे; तिने तारेला कायमची मुरड पडते आणि साल कापली जाऊन झाड मरते. ज्या झाडाने आपली गाडी सोडवली त्याला असे वागवणे मला पटत नाही.

तोवर वीस-पंचवीस माणसे जमली होती, आणि खरे सांगायचे तर विंच चालवण्यातले सर्वांत कठीण काम हेच असते. ताणलेली पोलादी तार तुटली तर तिच्यात साठलेली ताकद टोकाला चाबकासारखी फिरवते, आणि ते टोक कोणत्या दिशेला जाईल हे कोणालाही सांगता येत नाही. तार जितकी बाहेर आहे तितक्या अंतराच्या आत कोणी उभे राहू नये, आणि दोन गाड्यांच्या मधे तर मुळीच नाही. दोन ओली जाड गोणपाटे दुहेरी केलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंवर मधोमध टाकली, म्हणजे तार तुटलीच तर ती वजनाने खाली बसेल. पोरांना बांधाच्या पलीकडे पाठवले. एक वयस्कर गृहस्थ तरीही तार ओलांडून पलीकडे जायला निघाले, तेव्हा भावाने रिमोट सोडून हाक मारली, “मामा, तारेवरनं नका जाऊ, मागनं वळसा घालून या.” ते थांबले, वळसा घालून आले, आणि मग त्यांनीच बाकीच्यांना मागे लोटले.

इंजिन चालू ठेवून, एका वेळी मिनिटभर ओढायचे आणि मग मोटर थंड होऊ द्यायची, अशा सात-आठ खेपांत पिकअप वर आला. इंजिनावर चालून वीज बनवणारा अल्टरनेटर ४०० अँपिअर देऊ शकत नाही. फरक बॅटरी भरून काढते, म्हणून विश्रांती मोटरइतकीच बॅटरीलाही लागते. ओढताना तार सरळ राहील अशी गाडी लावली होती, कारण पंधरा अंशांपेक्षा जास्त तिरपी ओढ पडली की वेढे एका कडेला ढिगासारखे साचतात आणि ड्रमच्या आडव्या दांड्यांवर दाब येतो. विंच संपूर्ण वेळ एका लयीत चालली, ब्रेकने भार धरून ठेवला, कुठेही घसरली नाही. मोटरच्या या शांतपणासाठीच मी चार गुण देतो. उरलेला एक गुण क्लचच्या, म्हणजे ड्रम मोटरला जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या, दांड्यासाठी कापला आहे: गाळ सुकला की तो जड होतो, पूर्ण बसला की नाही हे कळत नाही, आणि अर्धवट बसलेल्या क्लचवर भार देणे धोक्याचे आहे. मी प्रत्येक वेळी ड्रम हाताने हलवून पाहतो, आणि मगच रिमोट जोडतो.

कृत्रिम दोर का घेतला नाही, असे मला विचारले जाते. तो हलका असतो, हाताला टोचत नाही, आणि तुटला तर तारेइतका उसळत नाही, म्हणून केवळ सुरक्षिततेच्या दृष्टीने तो वरचढ आहे हे मी मान्य करतो. पण आमच्या भागातला खरखरीत दगड, चिखलाबरोबर तंतूंमध्ये शिरणारी वाळू, आणि उन्हात वर्षभर उघडी राहणारी विंच, या तिन्ही गोष्टी त्याला मानवत नाहीत. ज्यांची विंच झाकलेली राहते आणि जे दर वेळी दोर धुऊन वाळवतात त्यांनी तो जरूर घ्यावा. माझी २८ मीटर तार सात किलोंहून थोडी जास्त भरते, आणि विंच धरून सगळा साज चाळीस किलोंच्या आसपास जातो. पुढच्या स्प्रिंगा किंचित बसल्या आहेत हे हेडलाइटच्या उजेडावरून कळते.

तारेची निगा मी अशी ठेवतो. पावसाळा संपला की ती पूर्ण बाहेर काढून, गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, हलक्या तेलाच्या फडक्याने पुसतो, आणि पुसताना चामड्याचा मोजा घालून हळूहळू हात फिरवतो, म्हणजे तुटलेली तार मोज्याला अडकून कळते. मुरड, फुगलेला पदर, चपटा भाग किंवा खोल गंज दिसला की ती तार भारावर वापरायची नाही. परवाच्या तपासणीत हुकापासून सुमारे सहा मीटरवर, जिथे कप्पी सर्वाधिक वेळा आली, तिथे एकाच पदरातल्या दोन तारा तुटलेल्या सापडल्या. मी २८ मीटर नवी तार मागवली आहे, आणि या वेळी टोकाला आपोआप बंद होणारा हूकही सांगितला आहे. मे महिन्यात, पहिला पाऊस पडायच्या आत, त्याच चढावर आणि त्याच ऐनाच्या आधाराने ती गुंडाळायची आहे.